बघून झाल्यावर डोक्यात काय चालतं?

“आठवड्यातून किती वेळा बघितलं तर चालतं?” पॉर्नबद्दल कुणी हिंमत करून काही विचारलंच तर हमखास हाच प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याला आकडा हवा असतो, दोन म्हटलं की तो सुटतो, पाच म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. असा आकडा नाहीये. रोज बघणारा एखादा असतो ज्याची नोकरी, झोप, मित्र, नातं सगळं आपापल्या जागी ठीक चाललेलं असतं, आणि महिन्यातून दोनदा बघणारा दुसरा असतो जो त्या दोन वेळांपायी उरलेला अख्खा महिना स्वतःला शिव्या घालत बसतो. बेआता बोथे नावाच्या हंगेरियन संशोधिका आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं तर वारंवार बघणाऱ्यांमध्ये कसलाही त्रास नसलेले लोकच जास्त निघाले. पुढे त्यांनीच ४२ देशांतल्या ८२ हजारांहून जास्त लोकांची मोठी पाहणी केली, ती २०२४ साली छापून आली, आणि त्यात बघण्याचा खरोखर त्रास होण्याचा धोका असलेले लोक साधारण ३.२ टक्के निघाले. म्हणजे शंभरात तीन. आता आपल्या आसपासच्या पोरांना खासगीत विचारा, शंभरातले किती जण म्हणतील की मला व्यसन लागलंय म्हणून? माझा अंदाज आहे की तीनपेक्षा बरेच जास्त.

मग हे मधले लोक कोण, ज्यांना व्यसन नाहीये पण ज्यांना वाटतंय की आहे? हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे, म्हणजे अठरा ते तीसच्या आसपासच्या सज्ञान मंडळींसाठी. (शाळकरी मुलांचा विषय वेगळा, त्याला हात घालत नाही.)

आधी थोडं मागे जाऊ. एक काळ होता की ‘बीपी’ म्हणजे ब्ल्यू पिक्चर बघायची तर कुणाचे तरी आईवडील गावाला जायची वाट बघावी लागायची, भाड्याने व्हीसीआर आणायचा, पडदे लावायचे, पाच-सहा जण मिळून बघायचं. मग सीडी आल्या, मग सायबर कॅफेतली प्लायवूडची केबिन आली, मग रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ मिळायला लागलं. या सगळ्यात एक गोष्ट कॉमन होती, दुसऱ्या कुणाला तरी माहिती असायचंच, मित्राला, कॅफेवाल्याला, दुकानदाराला. आणि ग्रुपमध्ये बघताना निदान कुणीतरी हसायचं, एखादा थोराड मित्र म्हणायचा की अरे खरं असं काही नसतं रे. ॲल्विन कूपर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९८ सालीच सांगून ठेवलं होतं की इंटरनेटमुळे तीन गोष्टी एकत्र येतात, सहज मिळणं, स्वस्तात मिळणं आणि कुणाला न कळणं, आणि तिन्ही मिळून जोर धरतात. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ही तिन्ही बटणं एकदम दाबली गेली. सरकारने बंदी घालूनही बघितली, ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ साइट्स बंद करायचा आदेश निघाला आणि आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांतच तो बराचसा ढिला झाला, मग उत्तराखंड हायकोर्टाच्या आदेशानंतर २०१८ मध्ये ८२७ साइट्स बंद झाल्या. त्याचा परिणाम काय तर ज्यांना व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवून साइट उघडायचं साधन, माहिती नव्हतं त्यांनाही ते माहिती झालं.

तर पूर्वी लपूनछपून पण सोबत बघायचे, आता एकटे बघतात. याचं मानसिक वजन आपल्याला वाटतं त्याहून जास्त आहे, त्यावर येतोच.

आता मेंदू. या विषयावर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रत्येक मेसेजमध्ये ‘डोपामिन’ हा शब्द असतोच, आणि तिथे तो ‘सुखाचं रसायन’ म्हणून येतो, जे अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते, १९९० च्या दशकात त्यांचे निष्कर्ष गाजले. माकडाला एखादी खूण दाखवायची, मग थोड्या वेळाने ज्यूसचा थेंब द्यायचा. सुरुवातीला ज्यूस मिळाल्यावर डोपामिनच्या पेशी चेकाळायच्या, पण एकदा माकडाला कळलं की खुणेमागून ज्यूस येतो, मग त्या पेशी खूण दिसतानाच चेकाळायला लागल्या आणि प्रत्यक्ष ज्यूस मिळताना गप्प. आणि खूण दाखवून ज्यूस नाहीच दिला तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली घसरायचं. म्हणजे डोपामिनचा संबंध मिळण्याशी कमी, मिळणारे या चाहुलीशी जास्त. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या दोघांनी हेच पुढे नेऊन मांडलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढतेच असं नाही.

पॉर्नच्या बाबतीत हे अगदी डोळ्यांनी दिसतं. रात्री साडेअकराला एक जण फोन घेऊन पडलेला असतो, इन्कग्निटोमध्ये आठ-दहा टॅब उघडलेले, एक व्हिडिओ लावला, वीस सेकंद बघितला, पुढे सरकवला, नको हा, दुसरा, तिसरा, मग पहिल्यावर परत, आणि असं करता करता घड्याळात पाऊण वाजतो. या सव्वा तासात त्याने ‘बघितलं’ किती? फार तर दहा मिनिटं. बाकी सगळं शोधणं होतं. पुढचा अजून भारी असेल, ही चाहूलच त्याला जागं ठेवत होती. त्यात दर वेळी नवीन चेहरा, नवीन शरीर, आणि नाविन्याला आपला मेंदू लगेच भुलतो, हे बऱ्याच सस्तन प्राण्यांत कमीजास्त दिसतं. ते संपल्यावर जो रितेपणा येतो, की आता हे कशासाठी केलं, तो का येतो ते आता कळेल, हवंसं वाटणं डोंगराएवढं होतं आणि आवडणं मात्र तेवढं कधी नव्हतंच.

पोलंडमध्ये मातेउश गोला आणि त्यांच्या टीमने याचाच एक सुंदर प्रयोग केला, २०१७ साली छापून आला. पॉर्नच्या त्रासासाठी उपचार मागायला आलेले २८ पुरुष आणि असा त्रास नसलेले २४ पुरुष, सगळ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये घातलं, आधी एक खूण दाखवायची जिच्यावरून कळेल की आता कामुक चित्र येऊ शकतं किंवा पैसे मिळू शकतात, मग चित्र किंवा पैसे. प्रत्यक्ष चित्र बघताना दोन्ही गटांच्या मेंदूत फरक दिसला नाही. फरक दिसला तो खूण बघताना, आणि तोही फक्त चित्राच्या खुणेला, पैशांच्या नाही. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. त्रासातल्या माणसाला मजा दुप्पट येत नसते, त्याची चाहूल फक्त जास्त तीव्र झालेली असते, मग खूण म्हणजे एकटी खोली, रात्रीची वेळ, बोअर झालेलं डोकं, बाथरूममध्ये सोबत नेलेला फोन, काहीही.

‘पॉर्नने मेंदू आकसतो’ या मेसेजबद्दलही सांगून टाकतो. हे निघालं बर्लिनच्या एका अभ्यासातून, सिमोने क्यून आणि युर्गेन गालिनात यांचा, २०१४ चा. त्यांनी ६४ पुरुष घेतले आणि त्यांना दिसलं की जास्त तास बघणाऱ्यांच्या मेंदूचा एक विशिष्ट भाग किंचित लहान आहे. पण एकाच वेळी काढलेल्या फोटोवरून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. बघण्याने तो भाग लहान झाला की आधीच लहान होता म्हणून ते लोक जास्त बघत होते, हे त्या संशोधकांनीही ठामपणे सांगितलेलं नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी मात्र ठामपणे सांगितलं.

असो, मेंदूवर फार रेंगाळलो. खरं रहस्य मला दुसरीकडे दिसतं.

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागात कॉट बेसिसवर राहणारी, एमपीएससी करणारी पोरं बघा. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, परत अभ्यासिका, रात्री रूम. घरून दर महिन्याला पैसे येतात, वडील शेती करतात किंवा एसटीत आहेत, गावात सगळ्यांना माहितीये की पोरगा ‘साहेब’ होणारे. प्रिलिमचा निकाल लागलेला असतो, दोन मार्कांनी गेलेली असते. घरी फोन करून सांगितलंय की पुढच्या वेळी नक्की. आता रूममेट झोपलाय. या पोराला त्या वेळी जे हवंय ते सेक्स आहे असं मला नाही वाटत. त्याला दहा मिनिटं ते दोन मार्क विसरायचेत. लोक पॉर्न का बघतात याची एक प्रश्नावली बोथे यांच्याच टीमने तयार केली, तिच्यात आठ कारणं निघाली, त्यातली काही अपेक्षित, शरीरसुख, कुतूहल, कल्पनारंजन वगैरे, पण बाकीच्यांत कंटाळा घालवणं, ताण कमी करणं आणि नको त्या भावना दाबून टाकणं हीसुद्धा आहेत. गोची इथे होते. शरीरसुखासाठी बघणाऱ्याचं काम झालं की विषय संपतो. ताण विसरायला बघणाऱ्याचा ताण बघून झाल्यावर तिथेच उभा असतो, वर वेळ गेला, झोप गेली, सकाळी अभ्यासिकेत डोळे मिटतायत, म्हणजे अजून ताण, म्हणजे रात्री परत. ही सवय सेक्सची नसून पळवाटेची असते आणि म्हणूनच जो नुसतं पॉर्न सोडतो पण त्या दोन मार्कांशी काहीच करत नाही तो महिन्याभरात रील्सवर, बेटिंग ॲपवर किंवा परत त्याच साइटवर दिसतो.

आणि मग येतो गिल्ट.

जोशुआ ग्रब्स नावाचे अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी २०१५ पासून हे लावून धरलंय. त्यांना दिसलं की ‘मला पॉर्नचं व्यसन आहे’ असं कोण म्हणणार हे तो किती बघतो यावरून जितकं कळतं त्यापेक्षा, हे बघणं पाप आहे असं तो किती मानतो यावरून जास्त कळतं. म्हणजे माणूस करतो एक आणि मानतो दुसरं, त्या दोन्हींमधल्या फटीत जो जाळ होतो त्याला तो व्यसन म्हणतो. त्यांचं काम अमेरिकेतल्या धार्मिक ख्रिश्चन लोकांवर जास्त झालं, पण वाचताना मला आपलीच पोरं आठवत राहिली.

कारण आपल्याकडे हा जाळ पेटवायला पॉर्न यायची वाट बघावी लागलीच नाही. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, तो वाया गेला की माणूस खंगतो, डोळे खोल जातात, स्मरणशक्ती जाते, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. लघवीतून ‘धातू’ जातो या भीतीने थकवा, चक्कर, छातीत धडधड असं सगळं घेऊन डॉक्टरकडे येणारे तरुण इतके होते की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली त्याला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने वीर्य जाण्याने अशक्तपणा येत नाही, हस्तमैथुनाने येत नाही, झोपेत गेल्याने येत नाही. पण काळजीने मात्र हे सगळं खरंच होतं, झोप उडते, भूक मरते, थकवा येतो, आणि पोरगा म्हणतो बघा, म्हटलं नव्हतं का अशक्तपणा येतो. हायवेच्या कडेच्या भिंतींवर, रेल्वे रुळांच्या बाजूला ‘गुप्तरोग, नपुंसकता, शर्तिया इलाज’ असं रंगवणाऱ्यांचा धंदा याच भीतीवर चाललाय.

र. धों. कर्वे हे सांगून थकले. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, त्यात वाचक प्रश्न विचारायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांवरच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तरी कर्वे हरले आणि दंड झाला. नव्वद वर्षं होऊन गेली. आजही पोरं तेच प्रश्न विचारतायत, फक्त आता उत्तर देणारा कर्वे नाहीये, यूट्यूबवरचा कुणीतरी ब्रह्मचर्याच्या फायद्यांची यादी वाचतोय.

त्याच यूट्यूबवरून आणि टेलिग्रामवरून ‘नोफॅप’ आपल्याकडे पोचलं. पॉर्न आणि हस्तमैथुन पूर्ण सोडायची ही चळवळ, अमेरिकेत २०११ साली सुरू झालेली, आता मराठी पोरंही डे सात, डे एकवीस, डे नव्वद असे दिवस मोजतात. काहींना फायदा होतो, खोटं कशाला बोलू, कुणाला शिस्त मिळते, कुणाला निदान बोलायला चार लोक मिळतात. पण यात दोन सापळे आहेत आणि दोन्ही मानसशास्त्रात जुने आहेत.

पहिला असा. लहानपणी ऐकलेलं आठवत असेल, वैद्य औषध देतो आणि म्हणतो, घे, फक्त घेताना माकड आठवायचं नाही. बिचाऱ्याचं औषध घेणंच होत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला, विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर जेव्हा विचार करायला मोकळीक दिली तेव्हा या दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त आलं. दिवसभर ‘आज बघायचं नाही, आज बघायचं नाही’ असा जप करणारा माणूस दिवसभर कशाचा विचार करतोय हे वेगळं सांगायला नको.

दुसरा सापळा ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने दारू सोडणाऱ्यांमध्ये बघितला होता. ज्याने ‘एक थेंबही नाही’ असं ठरवलेलं असतं, त्याच्याकडून एक पेग गेला की तो म्हणतो आता गेलंच सगळं, मी असलाच आहे, आणि अख्खी बाटली संपवतो. चाळीस दिवसांची स्ट्रीक तुटली की पोरं हेच करतात, एकदा बघितलं तर एकदाच बघितलं असं न म्हणता पुढचे तीन दिवस सलग बुडतात, कारण आकडा शून्यावर आला म्हणजे चाळीस दिवस वाया गेले असं त्यांना वाटतं. वाया कुठे गेले? चाळीसातले चाळीस दिवस तुम्ही जगलात ना.

तर चक्र असं फिरतं: ताण, मग बघणं, मग गिल्ट, मग शपथ, मग ती मोडणं, मग अजून गिल्ट, आणि गिल्ट हाही ताणच असल्यामुळे परत बघणं. यात सांगायची चोरी, त्यामुळे बाहेरून कुणी ‘अरे एवढं काही नाही’ असं म्हणायलाही नाही. ग्रुपमध्ये बघायचे तेव्हा निदान तो थोराड मित्र तरी होता.

आता कुणी म्हणेल म्हणजे सगळं मनाचे खेळ, खरा त्रास नसतोच? असतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या यादीत, जी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू आहे, लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटणं हा आजार म्हणून घेतलाय. गंमत म्हणजे तो व्यसनांच्या खात्यात न घालता आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत घातलाय, कारण व्यसन म्हणावं इतका पुरावा अजून आहे का यावर तज्ज्ञांत भांडणं आहेत. त्यांचे निकष साध्या भाषेत असे, की सहा महिने किंवा जास्त काळ हेच आयुष्याच्या मध्यभागी येऊन बसलंय आणि तब्येत, काम, माणसं यांकडे दुर्लक्ष होतंय, बरेचदा प्रयत्न करूनही कमी होत नाहीये, नुकसान दिसत असूनही चालूच आहे, किंवा आता त्यात काही मजाच उरली नाही तरी चालूच आहे. आणि त्याच व्याख्येत एक ओळ आहे जी मला वाटतं मराठीत मोठ्या अक्षरांत छापून अभ्यासिकांमध्ये लावावी, की त्रास जर फक्त ‘हे अनैतिक आहे’ या विचारातूनच होत असेल तर तेवढ्यावरून हा आजार म्हणता येत नाही.

शरीराच्या काळज्यांबद्दल थोडंसं. ‘जास्त बघितल्याने ताठरता जाते’ ही भीती खूप पसरलीये. ग्रब्स आणि गोला यांनी २०१९ मध्ये हे तपासलं तेव्हा नुसतं बघण्याचा आणि ताठरतेच्या अडचणीचा संबंध दिसला नाही, ज्यांना आपलं बघणं हा प्रॉब्लेम वाटत होता त्यांच्यात मात्र अडचण जास्त दिसली, पण एकामुळे दुसरं होतं असं काळानुसार सिद्ध झालं नाही. लग्नाच्या पहिल्या रात्री काही न जमणं हे बहुतेक वेळा निव्वळ टेन्शन असतं. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकता-संशोधक जोडीने १९७० मध्येच लिहून ठेवलंय की माणूस जवळीक करताना स्वतःकडेच प्रेक्षकासारखा बघायला लागला, जमतंय का, टिकतंय का, तर शरीर साथ सोडतं.

आणि पॉर्न इथे भर घालतं ते असं की ते प्रेक्षकासाठीच बनवलेलं असतं. कॅमेऱ्याला दिसावं म्हणून अंग वळवलेलं, तासाभराचं शूटिंग कापून जोडून वीस मिनिटांचं केलेलं, औषधं घेतलेली असू शकतात. जॉन गॅग्नन आणि विल्यम सायमन यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की सेक्स आपल्याला जन्मतः येत नाही, समाज आपल्या हातात एक स्क्रिप्ट देतो, कोण काय करणार, कधी करणार. आपल्याकडे शाळेत ‘प्रजनन संस्था’ हा धडा बाई ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देतात, घरी बोलणं नाही, मग ती स्क्रिप्ट कोण देणार? ज्याच्याकडे आहे तो देणार. त्या स्क्रिप्टमध्ये विचारणं नसतं, ‘दुखतंय का’ नसतं, कंडोम काढायला उठणं नसतं, हसू येणं नसतं, नको म्हटल्यावर थांबणं तर नसतंच. ज्याने शंभर व्हिडिओ बघितलेत आणि एकदाही कुणाशी या विषयावर बोललेला नाही त्याला हे कळणार कुठून. मला विचाराल तर पॉर्नचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

मुलीही बघतात. हे वाक्य लिहिलं तरी काही जणांच्या भुवया वर जातील. पण पाहण्यांमध्ये पुरुषांपेक्षा प्रमाण कमी असलं तरी ते दुर्लक्ष करण्याइतकं नक्कीच नाही, आणि त्यांच्यावर शरमेचं ओझं दुप्पट असतं, कारण मुलगा बघतो तेव्हा ‘मुलं असतातच अशी’ म्हणून निदान सोडून देतात, मुलगी बघते म्हटलं की तिचं चारित्र्यच निघतं. त्यामुळे मदत मागायला त्या अजून उशिरा येतात. आणि दुसरी बाजू म्हणजे नवऱ्याच्या फोनमध्ये हिस्टरी सापडलेल्या बायका. तिला पहिला प्रश्न पडतो तो ‘मी कमी पडले का’ हा. वर जे लिहिलं त्यावरून लक्षात येईल की बहुतेक वेळा त्याचं बघणं तिच्याबद्दल नसतंच, ते त्याच्या रात्री साडेअकराबद्दल असतं. पण लपवलं, खोटं बोलला, तिला नको ते करायला भाग पाडलं, हे मात्र तिच्याबद्दल असतं आणि त्याचा हिशोब वेगळा.

कायद्याचंही दोन ओळींत सांगतो कारण त्यावरूनही पोरं घाबरून असतात. सज्ञान माणसाने सज्ञान लोकांचं पॉर्न स्वतःपुरतं खासगीत बघणं हा गुन्हा नाही, केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. पुढे पाठवणं, अपलोड करणं हा आयटी कायद्याने गुन्हा आहे, ग्रुपवर ‘फॉरवर्डेड’ टाकलं तरी. लहान मुलांचं असेल तर बघणं, शोधणं, डाउनलोड करणं सगळंच गुन्हा, आणि असं साहित्य जवळ ठेवण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिलाय. कुणाचा परवानगीशिवाय काढलेला ‘लीक’ व्हिडिओ असेल तर समोर खरी मुलगी आहे जिचं आयुष्य त्यात जळतंय, तो उघडूही नका. आणि व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावून नंतर ब्लॅकमेल करणारे असतात, त्यांना पैसे दिले की ते अजून मागतात, तेव्हा पैसे न देता चॅटचे स्क्रीनशॉट ठेवायचे आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा.

मग करायचं काय. ज्याला त्रास नाही त्याने उगाच त्रास शोधू नये. ज्याला आहे त्याच्यासाठी एक उपचारपद्धत चांगली दिसलीये, जेसी क्रॉस्बी आणि मायकल टूहिग यांनी २०१६ मध्ये तिची चाचणी छापली, २८ पुरुष आणि १२ सेशन्स, त्यात बघण्याचा वेळ ९० टक्क्यांहून जास्त घटला. अभ्यास लहान आहे, पण त्यातली युक्ती या सगळ्या लेखाशी जुळते. त्यात इच्छेशी कुस्ती खेळत नाहीत. इच्छा आली, आली म्हणायचं, अंगात कुठे जाणवतेय ते बघायचं, छातीत, पोटात, हातात, ती चढते आणि काही वेळाने आपली आपण उतरते, तिला खायला न घालता आणि हाकलूनही न देता तेवढा वेळ काढायचा, आणि दरम्यान आपल्याला जे खरोखर महत्त्वाचं आहे त्याकडे एखादं छोटं पाऊल टाकायचं. दिवस मोजायचेच असतील तर आठवडाभर फक्त लिहून काढा की इच्छा कधी आली, त्याआधी अर्ध्या तासात काय झालं होतं, शिव्या न घालता, नुसतं लिहायचं. बहुतेकांना चार-पाच दिवसांतच पॅटर्न दिसतो, घरचा फोन, एकटी रविवार दुपार, जागरण. मग फोन उशाशी न ठेवता रूमच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावणं यासारखे साधे उपाय कामाला येतात, कारण अंधारात उठून जायचा कंटाळा हाही आपल्या बाजूने लढतो.

त्याने भागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत मोबाईल-इंटरनेटच्या अशा सवयींसाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक आहे. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, दिवसरात्र आणि फुकट. बहुतेक जण फोन लावून आधी ‘झोप लागत नाही’ किंवा ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ असंच सांगतात, आणि ते खोटंही नसतं, तिथून सुरू केलं तरी चालतं, पलीकडच्या माणसाला हे रोजचंच आहे. फक्त एक करा, तो जेव्हा विचारेल ‘किती वेळा’, तेव्हा आकड्यासोबत कधी आणि त्यानंतर काय वाटतं हेही सांगा.